सीमेच्या अलीकडची फसवणूक : सोनौली, जयगाव, पोइपेत

टिळकवाडीकर :

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून काशी-अयोध्येला जाणारे जथे अलीकडे गोरखपूरहून पुढे सरकून लुंबिनी, पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करूनच परततात. आमच्या गल्लीतील भजनी मंडळाचा असाच एक जथा नुकताच परत आला. यात्रा निर्विघ्न झाली, दर्शने मनासारखी झाली. पण भारत-नेपाळ सीमेवरील सोनौलीला कोणाकोणाला कशाकशाचे पैसे द्यावे लागले, याचा हिशेब मंडळी ओट्यावर बसून सांगू लागली, तेव्हा त्यातले एकही कारण खरे नव्हते हे हळूहळू उघड झाले.

पहिले कारण ‘प्रवेश पास’. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून भारतीय नागरिकाला नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. असे असताना छापील अर्ज भरून घेऊन, त्यावर गोल शिक्का मारून, प्रत्येकाकडून पैसे घेण्यात आले. दुसरे कारण चलनाचे. भारतीय आणि नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एकास एक पूर्णांक सहा दशांश असा बांधलेला आहे, म्हणजे आपल्या शंभर रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. मंडळींना मात्र ‘आज भाव पडला आहे’ असे सांगून बरेच कमी मिळाले. बांधलेला दर पडणार कसा, असा प्रश्न त्या गर्दीत कोणाला सुचला नाही, आणि तो सुचू नये याचीच तिथे व्यवस्था असते. तिसरे कारण गोरखपूर ते काठमांडू या सलग तिकिटाचे. ते तिकीट सीमेपर्यंत चालले, पलीकडच्या बसवाल्याने ते हातातही धरले नाही.

मला विशेष वाटले ते हे, की यांपैकी एकही प्रकार प्रत्यक्ष तपासणीच्या ठिकाणी घडलेला नाही. सगळे काही सीमेवरच्या कमानीच्या अलीकडे, रस्त्यावर, दुकानांत आणि रेल्वे स्थानकाबाहेर घडले. जमिनीवरून सीमा ओलांडताना परदेशात इतरत्रही असेच घडते का, आणि जाणाऱ्याने नेमके काय माहीत करून घ्यावे, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

खानापूरचा पांथस्थ :

तुमचे निरीक्षण नेमके आहे, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण थायलंड-कंबोडिया सीमेवरील पोइपेत हे आहे. तेथील व्यवहार थोडा तपशिलाने लिहितो, कारण एकदा तो समजला की बाकीच्या सीमा आपोआप समजतात.

बँकॉकहून अंकोरची मंदिरे पाहायला सिएम रीपला स्वस्तात जायचे असेल, तर लोक रेल्वेने किंवा बसने अरण्यप्रथेत या थाई गावी उतरतात. तेथून सीमा काही किलोमीटरवर आहे. रिक्षावाल्याला ‘सीमेवर ने’ असे सांगितले तरी तो सरळ सीमेवर नेतोच असे नाही. वाटेत एका नीटनेटक्या इमारतीसमोर तो थांबतो. दारावर कंबोडियाचा ध्वज असतो, आत टेबले असतात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली माणसे अदबीने बोलतात, आणि व्हिसा येथेच काढावा लागतो असे सांगतात. कंबोडियाच्या पर्यटक व्हिसाचे अधिकृत शुल्क ३० अमेरिकी डॉलर आहे, म्हणजे थायलंडच्या चलनात साधारण हजार बाट. या इमारतीत ते बाटमध्येच मागितले जाते आणि बरेच अधिक मागितले जाते. डॉलरमध्ये देतो म्हटले, की ‘डॉलर स्वीकारत नाही’ असे उत्तर मिळते. कारण उघड आहे. डॉलरमधला आकडा प्रवाशाने कुठेतरी वाचलेला असतो, बाटमधला वाचलेला नसतो.

हे सर्व एकाच गोष्टीच्या अज्ञानावर चालते. त्या नाक्यावरचा क्रम असा, की आधी थायलंडच्या बाजूला पारपत्रावर निर्गमनाचा शिक्का मारून घ्यायचा, मग दोन्ही देशांच्या मधल्या पट्ट्यात चालत जायचे (या पट्ट्यात मोठमोठे जुगारखाने उभे आहेत, हे पाहून नवख्या माणसाला आपण चुकीच्या ठिकाणी आलो असेच वाटते), आणि तेथे कंबोडियाच्या व्हिसा खिडकीवर जायचे. म्हणजे थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का पारपत्रावर नसताना ‘आगमनावर व्हिसा येथेच काढा’ म्हणून जो कोणी बसवतो, तो दलाल आहे. त्याच्या दारावर कोणाचाही ध्वज असो. हा क्रम ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या इमारतीत कोणी बसवू शकत नाही.

खऱ्या खिडकीवरही गोष्ट संपत नाही. वर फलकावर ३० डॉलर लिहिलेले असते आणि खाली बसलेला माणूस त्याशिवाय शंभर-दोनशे बाट मागतो, असे कित्येक प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. हसतमुखाने फलकाकडे बोट दाखवून, नेमके डॉलर पुढे करून थांबून राहिले की पुष्कळदा काम होते, फक्त वेळ लागतो. आरडाओरडा केल्यास आणखी वेळ लागतो.

पुढे चलनाचा प्रकार येतो. ‘कंबोडियात एटीएम नाहीत, डॉलर चालत नाहीत, रिएल येथेच घ्या’ असे सांगून एका डॉलरला सुमारे चार हजार रिएल हा दर असताना कितीतरी कमी रिएल हातावर ठेवले जातात. वस्तुतः त्या देशात रोजचा व्यवहार डॉलरमध्ये सर्रास होतो. शेवटी एक ‘मोफत’ बस उभी असते. ती प्रवाशांना गावाबाहेरच्या पर्यटक बसस्थानकावर नेऊन सोडते, जेथे सिएम रीपच्या दीडशे किलोमीटरच्या प्रवासासाठी एकच भाडे सांगितले जाते आणि घासाघीस करायला दुसरे कोणी वाहन नसते. मला वैयक्तिकरीत्या या मोफत बसचे सर्वांत कौतुक वाटते, कारण तिच्यात खोटे काहीच नाही. बस खरोखर मोफत असते.

एक महत्त्वाची गोष्ट. २०२५ मध्ये या दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाल्यावर त्यांच्यामधली जमिनीवरची नाकी बंद करण्यात आली. त्यामुळे या मार्गाने जाण्याचा बेत करण्यापूर्वी त्या वेळची स्थिती पाहणे अत्यावश्यक आहे. ‘नाके सुरू आहे, मी ओळखीने नेतो’ असे म्हणणारा भेटला तर त्याच्यामागे जाऊ नये; तेथे पैशांहून मोठ्या गोष्टीचा प्रश्न आहे.

घटप्रभा :

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु मी थोडा वेगळा विचार मांडू इच्छितो. आपल्याकडे आरटीओ कचेरीसमोर बसलेल्या एजंटाला आपण पैसे देतो, तेव्हा त्याला फसवणूक म्हणत नाही. ऊन आहे, गर्दी आहे, बरोबर सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, अर्जावरील भाषा समजत नाही. अशा वेळी कोणी माणशी शंभर-दोनशे रुपये घेऊन काम उरकून देत असेल, तर तो त्याच्या कष्टाचा मोबदला झाला. सहलीवर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने सीमेवर पन्नास रुपयांसाठी तासभर वाद घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

टिळकवाडीकर :

मोबदला देण्यास कोणाचा विरोध नाही. एजंटाने ‘अर्ज फुकट आहे, भरून देण्याचे माझे शंभर रुपये’ असे म्हटले, तर आमच्या मंडळींनी आनंदाने दिले असते. त्याने सांगितले ते असे, की हा पास नसेल तर पलीकडचे पोलीस परत पाठवतील. जे काम अस्तित्वातच नाही, ते करून दिल्याचा मोबदला कसा असू शकेल?

घटप्रभा :

हा भेद मान्य. पण मग फसवणुकीत किती पैसे गेले यापेक्षा काय सांगून घेतले याला महत्त्व द्यावे लागेल, आणि त्या न्यायाने पोइपेतच्या खिडकीवरचे जादा शंभर बाट हे फसवणूक नसून सरळसरळ लाच ठरतात. दोहोंवरचा उपाय एक असू शकत नाही. पहिल्यावर माहिती पुरते. दुसऱ्यावर माहिती असूनही माणूस अडतो.

खानापूरचा पांथस्थ :

खरे आहे. दुसऱ्याला उपाय वेळ हाच आहे, आणि ज्याची पुढची बस सुटत आहे त्याच्याकडे तो नसतो. म्हणून सीमा ओलांडल्यावर पुढची गाडी त्याच दिवशी, त्याच तासाची आधी आरक्षित करू नये, एवढेच मी सांगेन.

निपाणीकर चालक :

आम्ही स्वतःची गाडी घेऊन सोनौलीमार्गे नेपाळात गेलो होतो, म्हणून वाहनाविषयी लिहितो. ही माहिती बसने जाणाऱ्यांना सहसा नसते.

भारतीय गाडी नेपाळात न्यायची तर पलीकडच्या बेलहिया येथील भन्सार कार्यालयात, म्हणजे त्यांच्या जकात कार्यालयात, दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरावे लागते. याखेरीज वाहतुकीचा परवाना वेगळा असतो. गाडीची नोंदणी, विमा, चालकाचा परवाना, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असल्यास मालकाचे संमतिपत्र एवढे जवळ असले की हे काम स्वतः करता येते. दोन्ही ठिकाणी पावती मिळते. मात्र आपली एमएच किंवा केए पाटीची गाडी गोरखपूर सोडून उत्तरेला लागली, की दुचाकीवरून मुले मागे लागतात आणि ‘भन्सार आमच्याकडे’ म्हणत काचेवर टकटक करतात. कित्येक जण कागदपत्रे आणि पैसे त्यांच्या हाती देऊन चहाला बसतात.

यातील मेख पावतीत असते. नेपाळची अधिकृत कालगणना विक्रम संवताची आहे. पावती देवनागरीत असल्यामुळे आपल्याला ती वाचता येते आणि म्हणूनच आपण निर्धास्त राहतो. परंतु तिच्यावरील वर्ष आपल्यापेक्षा सुमारे ५७ वर्षांनी पुढचे असते, महिना वैशाख, जेठ, असार असा असतो, आणि त्यांचे महिने संक्रांतीप्रमाणे बदलत असल्याने आपल्या पंचांगातील तिथीशीही तारीख जुळत नाही. आमच्यापुढच्या एका गाडीवाल्याने आठवड्याचे पैसे दिले होते आणि एजंटाने पावती तीन दिवसांची आणून दिली होती. हे त्याला परतीच्या वेळी, दंड भरताना समजले. पावती हातात आल्यावर ‘कोणत्या दिवसापर्यंत’ हे खिडकीतील कर्मचाऱ्यालाच विचारून इंग्रजी तारीख पाठीमागे लिहून घ्यावी. तो सांगतो, मला तरी कोणी उर्मटपणे वागवले नाही.

आणखी एक. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. ‘कार्यालय बंद व्हायला दहाच मिनिटे उरली आहेत’ हे वाक्य त्या रस्त्यावर दिवसभर ऐकू येते. सकाळी अकरालाही ते ऐकू येते.

आपल्या भागातील माणसाला हे लवकर उमगायला हवे, असे मला वाटते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील कोगनोळीच्या नाक्याची आपल्याला इतकी सवय आहे की २०२१ मध्ये करोनाचा अहवाल तेथे मागितला जात होता, तेव्हाही तपासणी नेमकी कुठे होते आणि कोण करते हे निपाणीतील प्रत्येकाला ठाऊक होते. त्याच रस्त्यावरचा राजस्थानचा ट्रकवाला मात्र दोन किलोमीटर आधीपासून दिसेल त्याला विचारत असे. सोनौलीला आपण तो ट्रकवाला असतो.

शहापूरची वाचक :

टिळकवाडीकर काका, ‘प्रवेश पास’वरून आठवले. आमच्या गटातील मावशींना सोनौलीला एकाने सांगितले की तुमचे मतदार ओळखपत्र कन्नडमध्ये आहे, ही लिपी नेपाळात चालत नाही, त्याचे हिंदी प्रमाणपत्र करून घ्यावे लागेल. आपल्या ओळखपत्रावर कन्नडबरोबर इंग्रजीही असते, तेव्हा हे निव्वळ थाप मारणे होते. मावशींनी त्याला शुद्ध मराठीत जे सुनावले, त्याचे प्रमाणपत्र मात्र त्याला कुठल्याच लिपीत करता आले नसते. कन्नड अक्षरांवरून आपल्याला घरीही ऐकून घ्यावे लागते आणि हजार कोसांवरही, याची आम्हाला गंमत वाटली.

भूतानविषयी थोडे लिहिते. पश्चिम बंगालमधील जयगाव आणि भूतानचे फुंटशोलिंग ही गावे एकमेकांना चिकटून आहेत. मध्ये एक कमान आहे, इतकेच. भारतीयांना तेथेही व्हिसा लागत नाही, परंतु प्रवेश परवाना लागतो, आणि तो पलीकडे, फुंटशोलिंगच्या आप्रवासन कार्यालयात मिळतो. २०२२ च्या सप्टेंबरपासून भारतीय प्रवाशाला प्रत्येक रात्रीसाठी माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. हे शुल्क खरे आहे, सरकारी आहे आणि त्याची पावती मिळते. जयगावातील काही हॉटेलांच्या स्वागतकक्षात मात्र या खऱ्या शुल्काच्या आसऱ्याने ‘परवाना शुल्क’, ‘तातडीचे शुल्क’ अशी भर घातली जाते. खऱ्याबरोबर खोटे मिसळलेले असल्यामुळे ते ओळखणे सोनौलीपेक्षा कठीण जाते.

तेथे पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालत नाही. हा नियम माहीत नसल्याने जे केवळ आधार घेऊन जातात, ते जयगावातील एजंटांचे हक्काचे गिऱ्हाईक होतात. चलनाच्या बाबतीत मात्र भूतान सुखाचे आहे. त्यांचे ङुल्त्रुम आणि आपला रुपया यांचे मूल्य समान आहे आणि आपला रुपया तेथे चालतो. त्यामुळे दराची चर्चा करणाऱ्याशी बोलण्याचे कारणच उरत नाही.

हिंडलगेकर :

मी कामानिमित्त सिंगापूर-मलेशिया सीमेवरून ये-जा करतो. तेथे रस्त्यावरचे दलाल फारसे नाहीत, कारण दलाल आता मोबाइलमध्ये आले आहेत. सिंगापूरचे आगमन पत्रक, मलेशियाचे डिजिटल आगमन पत्रक आणि १ मे २०२५ पासून लागू झालेले थायलंडचे डिजिटल आगमन पत्रक ही तिन्ही ऑनलाइन भरायची असतात आणि तिन्ही पूर्णपणे विनाशुल्क आहेत. पण गुगलवर शोध घेतला की सर्वांत वर जाहिरात म्हणून अशी संकेतस्थळे येतात, ज्यांचे रंग, बोधचिन्ह, मांडणी सरकारी वाटते आणि शेवटच्या पानावर कार्डाचा क्रमांक मागितला जातो. पुष्कळदा ते पैसे घेऊन तुमचे पत्रक खरोखर भरूनही देतात, त्यामुळे प्रवाशाला आपण फसलो हे कधीच समजत नाही. काही वेळा ते भरत नाहीत, आणि मग नाक्यावर रांगेत उभे राहून मोबाइलवर पुन्हा भरावे लागते.

ओळखण्याची खूण पत्त्याच्या शेवटी असते. थायलंडच्या सरकारी संकेतस्थळाचा शेवट ‘गो डॉट टीएच’ असा, मलेशियाचा ‘जीओव्ही डॉट एमवाय’, सिंगापूरचा ‘जीओव्ही डॉट एसजी’, कंबोडियाचा ‘जीओव्ही डॉट केएच’. पत्रक प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचे असते. महिनाभर आधी ‘आत्ताच भरा, जागा मर्यादित आहेत’ म्हणणारे संकेतस्थळ तेवढ्यावरूनही ओळखता येते.

संकेश्वरी :

नेपाळच्या चलनाबद्दल कोणी तपशील देईल का? आमचा गट दिवाळीनंतर निघणार आहे.

निपाणीकर चालक :

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तेथे दुकानदार किंमत सांगताना ‘एनसी’ म्हणजे नेपाळी आणि ‘आयसी’ म्हणजे भारतीय असा उल्लेख करतात. सीमेजवळच्या भैरहवा भागात मुद्दाम काहीच न म्हणता नुसता आकडा सांगितला जातो. जेवणाचे बिल ८०० झाले आणि ते नेपाळी असेल, तर आपले ५०० रुपये होतात. ते न विचारता भारतीय ८०० दिले तर ३०० रुपये जास्त गेले, आणि ते परत मागायला तोंड राहत नाही, कारण खोटे कोणी बोललेलेच नसते. जेवायला बसण्यापूर्वी ‘एनसी की आयसी’ एवढे विचारले की पुरते.

दुसरी गोष्ट मोठ्या नोटांची. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळ सरकारने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. त्यानंतर नियमांत बदल होत आले आहेत, म्हणून निघताना चालू नियम पाहूनच जावे. परंतु जुन्या बंदीची भीती दाखवून ‘पाचशेची नोट जप्त होईल, इथेच बदला’ असे सांगत पडत्या दराने चलन देणारे सोनौलीला अजूनही भेटतात. २०२४ पासून नेपाळमधील बऱ्याच दुकानांत आपल्या यूपीआयने क्यूआर संकेत वाचून पैसे देता येतात. मोबाइलला तेथे इंटरनेट चालू असले पाहिजे, ही मात्र अट आहे.

संकेश्वरी :

आभारी आहे. गटात दोन आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि एक नातू बारा वर्षांचा. त्यांच्याकडे फक्त आधार आहे.

शहापूरची वाचक :

नेपाळसाठी १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील भारतीयांना छायाचित्र असलेले दुसरे ओळखपत्र चालते, त्यात आधारही येते. मधल्या वयाच्या सर्वांनी पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र घ्यावे. नातवाबरोबर त्याचे आई-वडील नसतील तर त्यांचे संमतिपत्र ठेवा. आजींची मूळ कार्डे तुमच्याकडे एकत्र न ठेवता त्यांच्याच पिशवीत द्या, कारण ‘सर्वांची कार्डे एकत्र द्या, मी शिक्के मारून आणतो’ म्हणणारा गोरखपूर स्थानकाबाहेरच भेटतो. आणि शंभराच्या नोटांची पुडकी हवी असतील तर खडेबाजारातील बँकेच्या शाखेत आठवडाभर आधी सांगून ठेवा. दिवाळीत त्या लवकर संपतात.